न दुखणारी जखम

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या आरोग्य मार्गदर्शन कार्यक्रमात एका सेवानिवृत्त परिचारिका भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

समितीचे कार्यकर्ते निमंत्रण द्यायला घरी आले तेव्हा म्हणाले, "ताई, आरोग्यावर काहीही बोला." मी त्यांना सांगितलं, काहीही नाही, मी एकाच विषयावर बोलणार. तोंडाच्या कॅन्सरवर. वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी हा कसला विषय काढला, असं काहींना वाटेल. पण ज्या विहारात आपण लग्नं लावतो, नामकरण करतो, पुण्यानुमोदन करतो, त्याच विहारात आपल्या माणसांच्या जिवाची गोष्ट नाही बोलायची तर कुठे बोलायची?

माझी नोकरी रुग्णालयात गेली. त्यातली बरीच वर्षं नाक-कान-घशाच्या विभागात. तिथे केसपेपर लिहिताना आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, "हे कधीपासून आहे?" उत्तर यायचं, "झाले की सहा महिने." दुसरा प्रश्न, "मग इतके दिवस का नाही आलात?" आणि याचं उत्तर माणूस कुठल्याही गावचा असो, शिकलेला असो की अडाणी, बाई असो की पुरुष, जवळजवळ ठरलेलं असायचं. "दुखत नव्हतं ना, सिस्टर."

बंधू-भगिनींनो, माझं आजचं सगळं भाषण या तीन शब्दांवर आहे. दुखत नव्हतं ना.

आपल्याला लहानपणापासून एक सवय आहे. दुखलं तर आजार, नाही दुखलं तर काही नाही. दाढ ठणकली की रात्री बारा वाजतासुद्धा आपण लवंग शोधतो. पण तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. गालाच्या आत गुपचूप बसून राहतो. तो दुखायला लागतो तेव्हा बरेचदा खोल गेलेला असतो, हाडापर्यंत किंवा मानेतल्या गाठींपर्यंत. आपल्या देशात या रोगाचे बहुतेक रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात डॉक्टरांसमोर येतात. लवकर सापडला तर बहुतेकांना बरा होणारा हा रोग, आपण आपल्या हाताने असाध्य करून ठेवतो.

हा रोग किती मोठा आहे तेही सांगते. जागतिक पातळीवर कॅन्सरचे अंदाज काढले जातात. त्यातल्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्या कॅन्सरमध्ये याचा पहिला क्रमांक लागतो. याचं मुख्य कारण आपल्या खिशात आणि कनवटीला आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू या ना त्या रूपात घेत होते, म्हणजे दर चौघांत एकाहून जास्त. त्यातही बहुतेक जण ओढणारे नाहीत, तर खाणारे, चघळणारे आणि दातांना लावणारे.

आता मुद्द्याची गोष्ट. ओळखायचं कसं?

आपल्याकडे म्हणतात, "तोंड आलंय." जागरण झालं, पोट बिघडलं, अंगात काही कमी पडलं की तोंड येतं. ते झोंबतं, दुखतं, पण आठ-दहा दिवसांत बरं होतं. त्याला घाबरायचं कारण नाही. पण नेमकी इथेच आपली फसगत होते. कॅन्सरची सुरुवातही आपण "तोंड आलंय, उष्णता वाढली" म्हणून सोडून देतो. कुणी सांगतं गुलकंद खा, कुणी सांगतं तूप लावा, औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणतो, मलम लावतो. त्यात चार महिने जातात. म्हणून एक हिशेब पक्का लक्षात ठेवा. पंधरा दिवस. तोंडातली कुठलीही जखम, चट्टा किंवा गाठ पंधरा दिवसांत बरी झाली नाही तर सोळाव्या दिवशी डॉक्टर. मग ती दुखत असो वा नसो.

लक्षणं एकेक करून सांगते. महिला मंडळाच्या मुलींनी लिहून घ्यावीत आणि फलकावर लावावीत.

पहिलं लक्षण, पांढरा चट्टा. गालाच्या आत, हिरडीवर, जिभेच्या कडेला. दुधाची साय धरल्यासारखा दिसतो, पण कापडाने पुसला तरी निघत नाही. प्रत्येक पांढरा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, पण त्याचं पुढे काय होणार हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, आपण नाही.

दुसरं, लाल चट्टा. मखमलीसारखा लाल किंवा लाल-पांढरा मिश्र. हा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. तो दिसल्यावर पंधरा दिवससुद्धा थांबू नका.

तिसरं, न भरणारी जखम. दात काढल्यावर खड्डा भरून येत नसेल, तर तीही यातच धरायची.

चौथं, तिखट न सोसणं आणि तोंड कमी उघडणं. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील, तर तोंडाच्या आतली कातडी कडक होऊ लागली असण्याची शक्यता आहे. हे मुख्यतः सुपारीमुळे होतं. हा अजून कॅन्सर नसतो, पण त्याच्या वाटेवरचं गाव असतं. मागे बसलेल्या मुलांनो, ही तीन बोटांची परीक्षा आता लगेच करून बघा. हसू नका, करा.

पाचवं, गाठ. गालात, ओठात किंवा मानेत, न दुखणारी.

सहावं, विनाकारण हलू लागलेला दात, किंवा इतकी वर्षं नीट बसणारी कवळी अचानक बसेनाशी होणं.

सातवं, जीभ किंवा ओठ बधिर होणं, गिळताना अडकणं, आवाज बदलणं, कारण नसताना एकाच बाजूचा कान दुखणं, तोंडातून रक्त येणं.

ही लक्षणं दिसली म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही. ही लक्षणं म्हणजे दारावरची थाप आहे. दार उघडून बघायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता बघायचं कसं तेही सांगते. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. एक आरसा आणि उजेड. चूळ भरा, कवळी असेल तर काढून ठेवा. आधी ओठ उलटे करून बघा. मग बोटाने एकेक गाल बाहेर ओढून आतून बघा. गाल आणि खालची हिरडी यांच्यामध्ये जी खाच असते, जिथे आपण तंबाखूचा बार धरतो, तिथे मुद्दाम बघा. आपल्या देशात या रोगाची ती आवडती जागा आहे. मग जीभ बाहेर काढा, स्वच्छ फडक्यात धरून डावी कड, उजवी कड. जीभ वर करून तिच्या खालची जागा. मान मागे करून टाळू. शेवटी दोन्ही हातांनी जबड्याखाली आणि मानेला चाचपून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि हे कधी करायचं? लक्षात राहावं म्हणून मी सोपा दिवस सांगते. पौर्णिमा. दर पौर्णिमेला आपण वंदनेला येतोच. त्या दिवशी सकाळी आंघोळ केल्यावर, पांढरी साडी नेसण्याआधी, आरशासमोर दोन मिनिटं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दिसत नसेल तर सुनेने, नातवाने टॉर्च धरावी.

हे सगळं मला पाठ होतं. नोकरीत रोजचं काम होतं ते. तरीही जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला इथून उतरता येणार नाही.

माझी आई मशेरी लावायची. गावाकडे दहा-अकरा वर्षांची असताना तिच्या आजीने लावायला शिकवली होती. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, रात्री झोपताना एकदा. तिला ते व्यसन वाटतच नव्हतं. ती म्हणायची, "मी कुठं तंबाखू खाते? मी दात घासते." आमच्या वस्तीत त्या काळी घरोघरी हेच होतं आणि आजही काही घरांत तो भाजल्याचा वास येतो, मला माहीत आहे.

२००३ साली पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की आई एकाच बाजूने भाकरी चावते. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, दात हलतोय. वयच झालं आता." मी ड्यूटीला निघाले होते. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी होती, ती तिला दिली आणि गेले. मग मुलाची परीक्षा आली. मग धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आईला नागपूरला दीक्षाभूमीवर घेऊन गेले, तिची फार इच्छा होती. परत आल्यावर माझ्या रात्रपाळ्या लागल्या. रोज वीस-वीस लोकांना "आ करा" म्हणून त्यांच्या तोंडात टॉर्च मारणारी मी, घरी आईला एकदाही "आ कर" म्हणाले नाही. चार महिने गेले. ज्या दिवशी बघितलं त्या दिवशी खालच्या हिरडीवर जाड पांढरा थर होता, मध्ये खड्डा पडला होता आणि मानेत सुपारीएवढी गाठ. मला डॉक्टरांनी सांगायची गरजच नव्हती.

ऑपरेशन झालं, खालच्या जबड्याचा एका बाजूचा भाग काढावा लागला, नंतर सहा आठवडे किरणोपचार. आई पुढे दीड वर्ष जगली. पेज आणि पातळ खिरीवर. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आई आमच्या जुन्या विहारात वंदना घ्यायची. आवाज खणखणीत होता तिचा. ती शाळेत गेली नव्हती, पण सगळ्या गाथा ऐकून ऐकून पाठ केल्या होत्या. ऑपरेशननंतर तिला शब्द नीट उच्चारता येईनात. तरी ती यायची, पुढच्या रांगेत हात जोडून बसायची, नुसते ओठ हलायचे. शेवटच्या दिवसांत तिने मला मशेरीची डबी आणायला सांगितली. मला वाटलं, मागते की काय. तर तिने खुणेने सांगितलं, ही मोरीत ओत आणि तुझ्या वहिनीला बोलाव, तिची पण आण.

मी हे रडवायला सांगत नाही. माहिती असणं वेगळं आणि बघणं वेगळं, एवढ्यासाठी सांगते.

आपल्यात काही बंधू वाद घालतात. म्हणतात, "ताई, पंचशीलात दारू आहे, तंबाखू कुठे आहे? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तंबाखूची नाही." मी भन्तेजींसमोर धम्म सांगणारी कोण? पण पाचवं शील आपण रोज म्हणतो त्याचा अर्थ बघा. मद्य वर्ज्य का सांगितलं? कारण ते प्रमादाचं मूळ आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, बेसावधपणा. मला सांगा, गालात जखम घेऊन सहा महिने फिरणं हा प्रमाद नाही तर काय? पुडीसाठी लेकराच्या वहीचे पैसे मोडणं, हा प्रमाद नाही तर काय? नुसत्या शब्दावर बोट ठेवून सुटका करून घेऊ नका. आणि तंबाखूबरोबर दारूही असेल तर धोका नुसता दुप्पट होत नाही, त्याहून कितीतरी वाढतो.

सुपारीचंही सांगते, कारण पुष्कळ जण म्हणतात, आम्ही तंबाखू नाही, साधी सुपारी खातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच सुपारीला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. मग दोन वेगळ्या पुड्या निघाल्या, एक मसाल्याची आणि एक तंबाखूची. पोरं त्या तळहातावर एकत्र करतात. कायदा पुडी बंद करतो, हात बंद करायचं काम घराचं आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या कोपऱ्यावर काय विकलं जातं, ते पालकांनी एकदा उभं राहून बघावं.

आता भीतीबद्दल. डॉक्टर म्हणाले तुकडा काढून तपासू, म्हणजे बायोप्सी करू, की घरात कुजबूज सुरू होते. "लोखंड लागलं की पसरतं." किती माणसं या एका वाक्यामुळे रुग्णालयाच्या दारातून परत गेलेली मी पाहिली आहेत! बंधू-भगिनींनो, तपासणीसाठी तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. तो पसरतो आपण घालवलेल्या दिवसांनी. तुकडा काढल्याशिवाय रोग आहे की नाही तेच कळत नाही. सुरुवातीलाच सापडला तर पुष्कळदा एका ऑपरेशनवर भागतं.

दुसरी भीती पैशाची. ती खोटी नाही. पण महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, त्याला कागदपत्रं विचारा. मुंबईत परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून हेच काम करतं आहे. आणि तपासून घ्यायला तर मोठ्या रुग्णालयात जायचीही गरज नाही. सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील माणसांची तोंडाची तपासणी धरलेली आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, किंवा दातांच्या डॉक्टरांकडे जा.

साध्या तपासणीने खरंच फरक पडतो का? पडतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पस्तीस वर्षांवरच्या लोकांची तोंडं प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसती डोळ्यांनी बघितली. दर काही वर्षांनी पुन्हा बघितली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्या लोकांमध्ये, जिथे तपासणी झाली तिथे या रोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. ते बघणारे मोठे तज्ज्ञ नव्हते. आपल्या मुला-मुलींसारखेच शिकलेले आणि शिकवून तयार केलेले लोक होते.

आपल्याच वस्तीतले एक बंधू आहेत. आज इथेच बसलेत, नाव घेत नाही, नाहीतर पळून जातील. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, त्यांच्या गालात पांढरा डाग पाहिला. ते म्हणाले, दुखत नाही. वहिनी म्हणाल्या, दुखत नाही म्हणूनच चला. तपासणी झाली, तेवढाच भाग काढला, पुडी सुटली. आज ते जेवणाच्या पंगतीत ठेचा वाढून घेतात. वहिनींनी काय वेगळं केलं? फक्त थांबल्या नाहीत.

एक शेवटची विनंती. ज्याला हा रोग झाला त्याच्याशी आपण कसे वागतो? वेगळं ताट, वेगळा पेला. हा रोग शिवल्याने, उष्ट्याने होत नाही. शिवाशिवीचा चटका ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या सोसला, त्या समाजाने तरी आजारी माणसाला वेगळं बसवू नये. एका आजारी भिक्खूकडे कुणी बघत नव्हतं, तो घाणीत पडला होता, तेव्हा भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हाताने त्याला धुतलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती फक्त ऐकण्यासाठी नाही.

तर मंडळी, आज घरी जाताना तीन गोष्टी घेऊन जा. पौर्णिमेला आरसा. न भरणाऱ्या जखमेला पंधरा दिवस, त्याहून एक दिवस जास्त नाही. आणि तिसरी, पुडी, डबी जे काही असेल ते सोडायचा प्रयत्न आजपासून. एकट्याला जमत नसेल तर १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे, तिथे बोला. नाहीतर माझ्याकडे या. माझ्याकडे टॉर्च आहे आणि आता वेळही आहे. कार्यक्रम संपल्यावर मी विहाराच्या मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना तोंड दाखवायचं आहे त्यांनी या. कुणाला काही विचारणार नाही, रागावणार नाही. फक्त म्हणेन, "आ करा."

आईला जे म्हणायचं राहून गेलं, ते तुम्हाला म्हणते.